सासूबाई पाळक होत्या, आता घरी आहेत

राजारामपुरीतून एका सुनेचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं कामापुरतं देते.

"माझ्या सासूबाई मेथडिस्ट मंडळीच्या, म्हणजे त्या पंथाच्या चर्चच्या, पाळक (धर्मगुरू) होत्या. १९८० च्या दशकात त्यांची पाळकपदाची दीक्षा झाली. तेव्हापासून पुणे, नागपूर, मुंबई आणि मधली काही लहान गावं, असं नेमणूक होईल तिकडे जात राहिल्या. सासरे शाळामास्तर, ते आईंच्या मागोमाग शाळा बदलत राहिले. सहा वर्षांपूर्वी ते गेले. गेल्या वर्षी आई निवृत्त झाल्या, पार्सोनेज (पाळकाला राहायला दिलेलं चर्चचं घर) रिकामं केलं आणि आमच्याकडे कोल्हापूरला आल्या. त्यांच्या नावावर कुठेच घर नाही. पहाटे साडेचारला उठतात, प्रार्थना आटोपतात, सात वाजता इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसतात. पुढे दिवसभर काही नाही. फोन मात्र यायचे, पुण्याच्या जुन्या मंडळीतून. बाई, लग्न तुम्हीच लावा. बाई, नवीन साहेब आमच्याकडे फिरकत नाहीत. मध्यंतरी एका लग्नाला त्या महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाऊन, लग्न लावून आल्या. नंतर तिथल्या तरुण पाळकांचा माझ्या मिस्टरांना फोन आला, ते फार दुखावले होते. तेव्हापासून आई फोनच उचलत नाहीत. इथल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात. मिस्टर म्हणतात, आराम कर, आता तरी तू आमची हो. त्यावर आई गप्प. चर्चच्या महिला मंडळाला त्यांचा सत्कार करायचाय, जीवनपरिचय लिहून मागितलाय. आई म्हणतात, माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे? त्यांना कशात गुंतवू? पुण्याला जाऊ द्यावं का? आणि परिचय कसा लिहू?"

प्रिय ताई,

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत. मला मात्र सगळ्यांत जास्त बोलायचंय ते तुमच्या मिस्टरांच्या 'आता तरी' या शब्दांवर, जे तुम्ही एका ओळीत उरकून टाकलेत. त्याकडे येते. आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण बाई पाळक बहुतेकांनी पाहिलेली नसते, आणि मेथडिस्ट म्हणजे नेमके कोण हे कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांतसुद्धा सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही.

मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन हे दोन्ही प्रॉटेस्टंट पंथ. आपला हा भाग मुळात प्रेस्बिटेरियन मिशनचा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले. वाइल्डर मेमोरियल चर्च, इस्थर पॅटन हायस्कूल, तिकडे मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल, सगळं त्याच मिशनच्या घराण्यातलं. मीही मिरजेच्या तसल्याच घरात वाढले. आमच्याकडे मंडळीनं आपल्यातून निवडलेले वडीलधारे (एल्डर) कारभार बघतात आणि पाळक कोण हवा यात मंडळीचं म्हणणं चालतं. मेथडिस्टांचं तसं नाही. त्यांच्यात बिशप नेमणूक करतो. वार्षिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे त्यांच्या वार्षिक सभेत, नेमणुकांची यादी वाचली जाते आणि आपलं नाव ज्या गावापुढे असेल तिथे बाडबिस्तरा घेऊन निघायचं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली स्वतः जन्मभर घोड्यावरून हिंडला आणि आपल्या उपदेशकांनाही त्यानं कुठे रुजू दिलं नाही. ती चाल अजून सुटलेली नाही.

म्हणजे ताई, तुमच्या सासूबाईंचं एका दिवसात काय काय गेलं ते बघा. बँकेतला माणूस रिटायर होतो तेव्हा खुर्ची जाते. घर त्याचंच असतं, गल्ली तीच असते, संध्याकाळी कट्ट्यावर भेटणारी माणसंही तीच. इथे नोकरीबरोबर घर गेलं, कारण पार्सोनेज चर्चचं. शेजार गेला, गावही गेलं. आणि माणसंसुद्धा सोडावी लागली, कारण नव्या पाळकाला पाय रोवता यावेत म्हणून जुन्यानं त्या मंडळीतून अंग काढून घ्यायचं, अशी रीतच आहे. नवरा आधीच गेलेला. अशा बाईनं वर्षभर खुर्चीत बसून काढलं तर त्यात मला वावगं काही दिसत नाही. सात वाजता इस्त्रीची साडी नेसतात ना? मग त्या सावरतायत. ती साडी नेसणं सुटलं, जेवण कमी झालं, झोप उडाली, प्रार्थनाही नकोशी झाली, तर मात्र सदराला पत्र लिहीत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. म्हातारपणातलं नैराश्य उपचारानं बरं होऊ शकतं आणि पाळकालाही ते होतं.

'कशात गुंतवू' हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवते. खरं सांगू का, त्या प्रश्नात थोडी तुमची सोय आहे. खुर्चीतल्या माणसाकडे बघणं आपल्याला जड जातं, म्हणून आपण त्याला विणकाम आणून देतो.

आता पुणे. तिथे मला त्या तरुण पाळकांची बाजू पटते, आणि मला वाटतं तुमच्या सासूबाईंनाही ती पटलेली आहे. त्या फोन उचलत नाहीत तो राग नसावा, शरम असावी. दर नव्या नेमणुकीच्या गावी त्यांना आधीच्या पाळकाच्या आठवणी ऐकाव्या लागल्या असणार. 'ते साहेब असं करायचे, ते असते तर असं झालं नसतं.' त्यात त्या बाई. दारात उभ्या राहिल्यावर 'पाळकसाहेब आहेत का?' असं त्यांनाच विचारणारे आणि मास्तरांना पाळक समजून हात जोडणारे किती भेटले, हे त्यांना कधी विचारा, हसतील. मंडळीची वागण्याची तऱ्हा त्यांना चांगली ठाऊक आहे. 'नवीन साहेब फिरकत नाहीत' म्हणून फोन करणाऱ्याच्या मनात बाईंविषयी माया असते हे खरं, पण नव्या माणसाला टोचायला एक काठीही हवी असते. लग्न लावायला त्या न विचारता गेल्या तेव्हा ती काठी त्यांनी हातात दिली.

यावर उपाय एकच आणि तो आईंनीच करायचा. पुण्याच्या पाळकांना त्यांनी स्वतः फोन करायचा. लांबण लावायची गरज नाही. 'मी तुम्हाला न विचारता आले, तसं करायला नको होतं. पुढे कुणी मला बोलावलं तर मी त्यांना तुमच्याकडे पाठवीन,' एवढं पुरे. असा फोन वयानं मोठ्या माणसाकडून आला की समोरचाही नरमतो. पुढच्या वेळी कदाचित तेच म्हणतील, बाई, लग्न मी लावतो, प्रार्थना तुम्ही करा. असं त्यांनी स्वतः बोलावलं तर आईंनी खुशाल जावं आणि तुम्ही हौसेनं तिकीट काढून द्यावं. एरवी लग्नाला पाहुणी म्हणून जायला कुणाचीच हरकत नसते, अक्षता नसल्या तरी जेवण असतंच. कुणी वारलं असेल तर अंत्यविधीला धावू नये. आठवड्यानं जावं, सगळे पांगलेले असतात तेव्हा, आणि घरात बसावं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि मंडळीचे फोन घ्यायला हवेत. ज्या बाईनं त्यांच्या बापाला माती दिली, पोरांचे बाप्तिस्मे केले, तिनं फोनच उचलू नये हे त्या लोकांना समजणार नाही. बोलावं, चौकशी करावी, प्रार्थना करावी. चर्चच्या कारभाराचा विषय निघाला की 'ते तुमच्या साहेबांशी बोला' म्हणावं आणि नातवंडांची विचारपूस करावी. हे त्यांना मी शिकवायला नको.

पण पुण्याच्या पाळकांची एक गोष्ट मला खटकली. त्यांनी फोन तुमच्या मिस्टरांना केला. निवृत्त झालेले पाळक पुरुष असते, तर त्यांच्या मुलाकडे अशी तक्रार गेली असती? सासूबाई काही शाळकरी पोर नाहीत, की कागाळी घरच्या पुरुषाकडे यावी. पुन्हा असा फोन आला तर मिस्टरांनी नम्रपणे सांगावं, आईचा नंबर देतो, तिच्याशीच बोला. त्यांच्याकडून तेवढा मान ठेवला जायला हवा.

हा मान सहजासहजी मिळालेला नाही, म्हणून सांगते. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चनं, आणि भारतातलं चर्च तेव्हा त्याच संस्थेचा भाग होतं, १९२४ मध्ये स्त्रियांना दीक्षा द्यायला मान्यता दिली ती अर्धीच. दीक्षा मिळे, पण कॉन्फरन्सचं सभासदत्व नाही, म्हणजे नेमणुकीची हमी नाही. पूर्ण हक्क १९५६ मध्ये आले. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियानं पहिल्या बाईला दीक्षा दिली ती १९७६ मध्ये. भारतातलं मेथडिस्ट चर्च १९८१ मध्ये स्वायत्त झालं, आणि त्या दशकात तुमच्या सासूबाई उभ्या राहिल्या. नियमाच्या पुस्तकात परवानगी होती, पण बाईच्या हातून प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घ्यायला सगळेच हात पुढे येत नसत. आणि या हक्काचं एक अंग तुमच्या घरात सगळ्यांनी लक्षात घ्यायला हवं. नेमणूक संपते, दीक्षा संपत नाही. ती जन्मभराची असते. त्या आजही रेव्हरंड आहेत. घरी आलेल्या पाहुण्यांना 'या आधी पाळक होत्या' असं सांगत असाल तर ते 'होत्या' काढून टाका.

आता तुमच्या मिस्टरांकडे येते.

पाळकाचा मुलगा कसा वाढतो हे मी जवळून पाहिलंय, माझ्या वर्गात दोघं होते. नाताळच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या घरी करंज्या तळल्या जात असतात आणि याची आई चर्चमध्ये. एकतीस डिसेंबरला गाव जागं, आई वॉच नाइटच्या उपासनेला. जेवणाच्या ताटावरून उठून ती कुणाच्या तरी मयतीला जाते. दारात कायम कुणीतरी रडत बसलेलं, आणि ते रडणं याच्या शाळेतल्या मारामारीपेक्षा मोठं, म्हणून याची पाळी उद्या. त्यात नेमणूक बदलली की शाळा बदलली, मित्र बदलले. वर पाळकाचा मुलगा म्हणून वागायचं कसं याचे धडे द्यायला अख्खी मंडळी. तुमचे मिस्टर चाळिशीच्या पुढे असतील. 'आता तरी तू आमची हो' हे वाक्य त्यांनी आठ-दहा वर्षांचे असताना पाठ केलं असेल, म्हटलं मात्र आज.

आईंना ते कसं ऐकू जातं? 'तू आजवर जे केलंस त्यानं मला उपाशी ठेवलं.' वरचा 'आराम कर' म्हणजे 'ते सगळं संपलं, सोड आता.' याला त्या काय उत्तर देणार? नाही म्हणता येत नाही, कारण मुलाचं म्हणणं थोडं खरं आहे. हो म्हणता येत नाही, कारण त्यांचं सगळं आयुष्य त्यात गेलं. म्हणून गप्प. त्या गप्पपणाला पुण्याच्या लग्नापेक्षा हे कारण मोठं आहे असं मला वाटतं.

तुम्ही यात मध्ये पडू नका. सुनेनं नवऱ्याचा निरोप सासूला आणि सासूचा नवऱ्याला पोचवत राहिलं, की दोघंही तिच्यावर चिडतात. एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन रंकाळ्यावर जा, भेळ खा, सावकाश या. आधी मिस्टरांना एवढंच सांगा, की 'आराम कर' म्हणणं बंद करा आणि जे म्हणायचंय ते म्हणा. राग असेल तर राग. आईंनी हजारो लोकांचं ऐकून घेतलंय, पोटच्या पोराचंही ऐकतील. कदाचित रडतील. रडू द्या. आणि ते बोलणं काय झालं हे नंतर दोघांनाही विचारू नका.

इथल्या चर्चचं थोडक्यात. शेवटच्या बाकावर बसतात तर बसू द्या. इतकी वर्षं त्यांनी मंडळीचे चेहरे पाहिलेत, आता पाठी बघतायत. कोल्हापूरच्या पाळकांना मात्र एकदा घरी चहाला बोलवा. निवृत्त पाळक मंडळीत येऊन बसले की स्थानिक पाळकाला अवघडल्यासारखं होतं, आपलं प्रवचन तपासलं जातंय असं वाटतं. आईंनीच आपणहून सांगावं, की मी इथे मंडळीतली एक म्हणून आले आहे, कधी मदत लागली तर हाक मारा. पुढे हाक मारायची की नाही ते त्यांच्यावर. मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन हा फरक इथे कुणाच्या आड येणार नाही. आणि रविवारी घरी येताना रिक्षात 'आजचं प्रवचन कसं झालं?' असं आईंना कधीही विचारू नका. खोटं बोलायला लागेल, नाहीतर खरं.

वाइल्डर साहेबांचं नाव वर घेतलं म्हणून आठवलं. साहेब १८८७ मध्ये अमेरिकेत वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी एलायझा मुलगी ग्रेसला घेऊन पुन्हा याच मुलखात आल्या. वय झालेलं, नवरा गेलेला, तरी आल्या. चर्चवर नाव साहेबांचं आहे. असो.

जीवनपरिचयाबद्दल मला सगळ्यांत जास्त उत्साह आहे, कारण हे काम कुणी नीट करत नाही. सत्कारात वाचले जाणारे परिचय तुम्हीही ऐकले असतील. जन्म अमुक साली, शिक्षण तमुक ठिकाणी, प्रभूच्या द्राक्षमळ्यात अविरत सेवा, मनमिळाऊ स्वभाव, शाल, पुष्पगुच्छ. नाव बदललं तर कुणालाही चालेल. तुमच्या सासूबाई म्हणतात ना, माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे, तर असल्या परिचयात खरोखरच काही नसतं.

आधी त्यांना सत्कार हवा आहे का ते विचारा. नको म्हणाल्या तर तुम्हीच मंडळाला कळवा, त्यांना नाही म्हणायची वेळ आणू नका. परिचय मात्र तरीही लिहा, तो घरात राहू दे.

लिहायला बसण्याआधी कागद गोळा करा. दीक्षेचं प्रमाणपत्र, नेमणुकीची पत्रं, फोटो. मेथडिस्टांच्या वार्षिक कॉन्फरन्सचा अहवाल छापला जातो आणि त्यात त्या वर्षीच्या नेमणुका असतात. जुने अहवाल आईंच्या ट्रंकेत सापडतील, नसतील तर त्यांच्या बरोबरीच्या कुणा पाळकांकडे. त्यावरून गावं आणि सालं क्रमानं लावा. तो तुमचा सांगाडा. मग एकेका गावाबद्दल विचारा. 'तुम्हाला देवाचं बोलावणं कसं झालं?' यानं सुरुवात करू नका. प्रत्येक पाळकाकडे त्याची तयार साक्ष असते, शेकडो वेळा सांगून गुळगुळीत झालेली, ती पंधरा मिनिटांत संपेल आणि दोघींनाही वाटेल की झालं. त्याऐवजी त्या गावच्या पार्सोनेजचं स्वयंपाकघर कसं होतं ते विचारा. पाणी कुठून यायचं, पगार वेळेवर यायचा का, पहिला अंत्यविधी कुणाचा केला, प्रवचन देताना घशाला कोरड कधी पडली, बाईच्या हातून प्रभुभोजन नको म्हणून कोण उठून गेलं आणि तेच पुढे कधी परत आलं का. भाजी निवडताना विचारा, मोबाइलचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून चालू ठेवा, अर्ध्या तासापेक्षा जास्त ताणू नका.

२०२०-२१ चं नक्की विचारा, पण त्या स्वतः तिकडे वळल्या की मगच. त्या तेव्हा सेवेत होत्या. टाळेबंदीत अंत्यविधीला जास्तीत जास्त वीस माणसांची परवानगी होती, आणि कोविडनं गेलेल्याला तेवढीही मिळत नसत. कबरीशी उभं राहून, तोंडावर मास्क बांधून, मोबाइलवर बघणाऱ्या नातेवाइकांसाठी शास्त्र वाचणं, हे काम ज्या पाळकांनी केलं ते त्याबद्दल फारसं बोललेले नाहीत. तसंच सासऱ्यांचं. ते गेले तेव्हा उपासना कुणी चालवली, आणि त्या दिवशी आई कुठे बसल्या होत्या, पुढे की कुटुंबात? विचारलंत तर नंतर गप्प राहा.

एक पथ्य मात्र कडक पाळा. पाळकाच्या कानावर लोकांची गुपितं पडलेली असतात, कुणाचं लग्न कशानं मोडलं, कुणी काय कबूल केलं. त्या बोलता बोलता एखादी हकिगत सांगतील आणि मग म्हणतील, हे लिहू नकोस. ते तिथल्या तिथे पुसा. गावाचं नाव बदलून लिहिलं तरी कोल्हापूर-पुणे-नागपूर एवढ्या छोट्या समाजात माणूस ओळखू येतो. मसुदा झाला की लाल पेन त्यांच्या हातात द्या. मंडळाला एक पान पुष्कळ झालं.

हे काम निम्म्यावर आलं की त्यांना कशात गुंतवायचं हा प्रश्न तुम्हाला पडेनासा होईल, असा माझा अंदाज आहे, पण अंदाजच. तरी उत्तर हवं असेल तर त्यांच्याच परंपरेत दोन दाखले आहेत. वेस्लीची आई सुझाना. १७११-१२ च्या हिवाळ्यात तिचा पाळक नवरा कामासाठी लंडनला होता. मुलांसाठी म्हणून तिनं रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात प्रार्थना सुरू केली. नोकरमाणसं आली, शेजारी आले, होता होता दोनशेवर लोक जमायला लागले. नवऱ्याच्या जागी नेमलेल्या पाळकानं तक्रार केली. नवऱ्यानं बंद करायला सुचवलं तेव्हा तिनं उलट लिहिलं, की बंद करा अशी इच्छा आहे म्हणू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे उद्या देवापुढे त्याची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही. हुकूम काही आला नाही. दुसरा दाखला ब्रिस्टलचा. १७४२ मध्ये तिथल्या प्रार्थनागृहावर कर्ज होतं, म्हणून बारा-बारा माणसांचे गट करून एकेकानं आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकी एक पेनी गोळा करायची असं ठरलं. घरोघर गेल्यावर दिसलं की कुठे दारू आहे, कुठे आजारपण, कुठे भांडण. पेनी गोळा करणारे विचारपूस करणारे झाले, आणि मेथडिस्टांचा 'क्लास' जन्माला आला. पुढे या गटांच्या पुढारी बऱ्याच ठिकाणी बायका होत्या. दोन्ही कामांना व्यासपीठ लागलं नाही, नेमणूकही नाही.

तुमच्या दिवाणखान्यात सहा-सात जणी आठवड्यातून एकदा बसू शकतात. पण इथल्या पाळकांना सांगूनच, नाहीतर पुण्याचीच गोष्ट राजारामपुरीत होईल. आणि आईंनी स्वतः काढलं तरच. वेस्लीनं १७५५ पासून रूढ केलेली कराराची प्रार्थना मेथडिस्ट नव्या वर्षात म्हणतात, तिच्यात देवाला सांगितलेलं असतं, की मला तुझ्यासाठी कामाला लाव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. आईंनी ती इतकी वर्षं मंडळीकडून म्हणवून घेतलीय. तुम्ही ती त्यांना ऐकवायला जाऊ नका. सुनेनं सासूला, आणि तीही पाळक सासूला, प्रार्थना शिकवू नये. बाजूला ठेवलेल्या माणसाला किती दिवस ठेवायचं हे तुम्ही-आम्ही ठरवण्यासारखं नाही, एवढं तुमच्यापुरतं लक्षात ठेवा.

राहिला पैसा, ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. चर्चकडून जी काही निवृत्तीची रक्कम किंवा पेन्शन असेल तिचे कागद पूर्ण झालेत का बघा. पत्ता बदलल्यामुळे पत्रं जुन्या पार्सोनेजवर जात असतील, बँकेत आणि कॉन्फरन्सच्या कचेरीत राजारामपुरीचा पत्ता कळवा. पासबुक आणि कार्ड त्यांच्या पर्समध्ये राहू दे. घरखर्चाला त्यांनी काही द्यायचं ठरवलं तर नको म्हणू नका. आजवर त्या भाडं न भरता दुसऱ्यांच्या घरात राहिल्या, आता स्वतःच्या मुलाच्या घरात गॅसचं बिल भरावंसं वाटलं तर भरू द्या.